दारात आलेला शिपाई

दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास आपण करतो तो बहुधा सनावळीने आणि सेनापतींच्या नावांनी. टोब्रुक केव्हा पडले, कॅसिनोची लढाई किती महिने चालली, मुसोलिनीचा पाडाव कोणत्या साली झाला, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते भागते. परंतु या लढाया कुणाच्या तरी उभ्या पिकात झाल्या, कुणाच्या तरी गोठ्यात तोफा लपविल्या गेल्या आणि कुणाच्या तरी दारावर रात्री-बेरात्री शिपायाची थाप पडली, ही गोष्ट क्रमिक पुस्तकात येत नाही. दार उघडणाऱ्या माणसाला त्या वेळी जागतिक राजकारण आठवत नसते. हा कोणाचा शिपाई, याला काय हवे, आणि घरात लेकीबाळी आहेत त्यांचे काय, एवढेच त्याच्या मनात येते. प्रस्तुत लेख या दाराविषयी आहे.

परकी फौज देश व्यापून बसते त्याला आपल्या जुन्या भाषेत 'परचक्र' असा नेमका शब्द आहे. आपल्या भागाला तो अनोळखी नाही. १८१८ च्या एप्रिल महिन्यात पळता पेशवा दुसरा बाजीराव आणि त्याचा पाठलाग करणारी इंग्रज फौज यांची गाठ याच पांढरकवड्याच्या मुलखात पडली. गॅझेटिअरमध्ये कर्नलांची आणि सरदारांची नावे सापडतात. ज्याच्या ज्वारीच्या कणगीत दोन्ही फौजांनी हात घातला असेल तो कुणबी तेथे सापडत नाही. युरोपात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अशा माणसांची नोंद बरीच झाली, आणि त्या नोंदीत, आश्चर्य वाटेल, आपली माणसेही आहेत.

प्रथम फ्रान्सची एक हकीकत सांगतो. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि जर्मनांनी उत्तर फ्रान्स व्यापला. पूर्व फ्रान्समधील एपिनाल या गावी जर्मनांनी हिंदी युद्धकैद्यांची मोठी छावणी केली होती. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेलेले सुमारे ३००० हिंदी जवान तेथे होते. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी एपिनालवर बाँब टाकले. त्यात कैदीही मेले, पण छावणीच्या भिंती पडल्या आणि शेकडो जवान बाहेर पडले. स्वित्झर्लंडची सरहद्द शंभरेक किलोमीटर दूर. भाषा येत नाही, कातडीचा रंग लपत नाही, अंगावर कैद्याचे कपडे. तरीही सुमारे ५०० जण सरहद्द पार करून गेले. हे कसे झाले? वाटेवरच्या खेड्यांनी त्यांना नेऊन पोहोचविले. एका गावाने भाकर दिली, दुसऱ्याने गवताच्या माळ्यावर झोपू दिले, तिसऱ्याने रानातली वाट दाखविली. अशा गावांपैकी एतोबाँ हे एक लहानसे गाव. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जर्मन हुकमतीखालच्या सैनिकांनी या गावातील ३९ पुरुष गोळ्या घालून मारले. गुन्हा असा की गावाने भूमिगतांना साथ दिली. गाव मुक्त व्हायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

फ्रेंच शेतकरी आणि हिंदी शिपाई यांची ओळख त्याआधीचीही होती. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस, हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली आणि पुढे वर्षभर उत्तर फ्रान्सच्या चिखलात लढली. विश्रांतीच्या दिवसांत तिचा मुक्काम शेतकऱ्यांच्या घरांतून व गोठ्यांतून असे. या जवानांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचीत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवून ठेवीत. सरकारच्या संशयी स्वभावाचा आपल्याला झालेला हा एक फायदाच म्हणायचा, कारण ते उतारे आज लंडनमध्ये जपून ठेवलेले आहेत. त्यांत फ्रेंच म्हाताऱ्या बायांनी आईसारखे जेवू घातल्याचे, कपडे धुऊन दिल्याचे वारंवार येते. हिंदुस्थानात ज्या गोऱ्या माणसाच्या बंगल्याच्या पायरीवरही उभे राहता येत नव्हते, त्याच रंगाची बाई येथे पुढ्यात पान वाढते, याचा केवढा धक्का त्या खेडुतांना बसला असेल!

पण आपल्या दृष्टीने खरी जवळची हकीकत इटलीची आहे, कारण तेथे मराठी पलटणी कैदी म्हणूनही गेल्या आणि विजेत्या म्हणूनही.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण 'काली पांचवी' या नावाने प्रसिद्ध आहे. २१ जून १९४२ रोजी रोमेलने टोब्रुक घेतले तेव्हा ही पलटण तेथे होती. सुमारे ३३००० सैन्य एका दिवसात कैद झाले, त्यात हे मराठी जवानही आले. कैद्यांना इटलीत नेण्यात आले. आव्हेत्सानो येथे हिंदी कैद्यांची छावणी होती. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची ही पोरे. (विदर्भातून त्या मानाने भरती कमी होती. पण महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४२ साली आपल्या कामठीलाच उभी राहिली, हे येथे सांगून ठेवतो.) सैन्यात का गेली, याला उत्तर एकच नाही. कोरडवाहू जमीन, सावकाराचे देणे, घराण्याची चाल, आणि पगाराची मनिऑर्डर दरमहा घरी येते हा विश्वास. सक्तीची भरती नव्हती. २५ लाखांची ती फौज कागदोपत्री स्वखुषीची होती. पोट रिकामे असताना स्वखुषी म्हणजे नेमके काय, याचा विचार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावा.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने शरणागती जाहीर केली. इटलीच्या छावण्यांत तेव्हा दोस्तांचे ८०००० च्या आसपास कैदी होते. पहारेकरी घरी निघून गेले, आणि जर्मन येऊन ताबा घेण्यापूर्वी हजारो कैदी बाहेर पडून डोंगरात शिरले. इंग्रज, न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकन, हिंदी, सगळ्या जातींचे. आता इटली जर्मनांनी व्यापलेला देश झाला होता. कैदी पकडून देणाऱ्याला १८०० लिरांचे बक्षीस आणि आसरा देणाऱ्याला मृत्युदंड, अशी पत्रके गावोगाव लागली. काळ्या केसांचा इंग्रज पोरगा शेतकऱ्याचे कपडे घालून दुरून तरी गावकऱ्यांत खपून जाई. मराठी जवानाला ती सोय नव्हती. त्याला गुहेत, मेंढपाळाच्या झोपडीत, नाहीतर माळ्यावरच्या गवतात दिवस काढावे लागत, आणि अन्न नेऊन देणाऱ्याला रोज तोच धोका पत्करावा लागे.

हे दार उघडणारे लोक कोण होते? मध्य इटलीतील बहुसंख्य शेतकरी जमिनीचे मालक नव्हते. पिकाचा निम्मा वाटा मालकाला देऊन ते जमीन कसत. आपल्याकडची बटाईच म्हणा ना. घर मालकाचे, बैलात मालकाचा हिस्सा, आणि हिशेबाची वही मालकाच्या कारभाऱ्याकडे. ही हकीकत मी घरी आईला सांगितली. तिला इटली कुठे आहे हे ठाऊक नाही. ती म्हणाली, "त्याइच्या घरी तरी खायाले होतं काय बापा?" प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. खायला फारसे नव्हते. डोंगरी भागात मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा हे रोजचे अन्न. त्याला ते 'पोलेंता' म्हणतात. तो लाकडी पाटावर ओततात आणि घरची सारी माणसे भोवती बसून आपापल्या बाजूने खात येतात. अशा पाटाभोवती एक माणूस वाढला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचा घास कमी झाला. आणि तो एक दिवसासाठी नव्हे. रोमच्या दक्षिणेस आघाडी अडकून पडली आणि दोस्तांचे सैन्य यायला नऊ-नऊ महिने लागले. तेवढा काळ कित्येक घरांनी परका माणूस सांभाळला.

१८०० लिरा ही बटाईदाराच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. पकडून देणारेही निघालेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी दिले नाही त्यांची संख्या फार मोठी, आणि त्यांनी मागाहून जी कारणे सांगितली त्यांत एक कारण पुनःपुन्हा येते. त्यांची स्वतःची मुले बेपत्ता होती. शरणागतीनंतर सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिक जर्मनांनी मजुरीसाठी जर्मनीत नेले होते, आणि त्याआधी आफ्रिकेत पकडलेले हजारो इंग्रजांच्या कैदेत होते. यातील पुष्कळसे कुठे होते म्हणाल, तर आपल्याकडे, हिंदुस्थानात! भोपाळजवळ बैरागडला त्यांच्या छावण्या होत्या. म्हणजे इटलीतील आई नगर-साताऱ्याकडच्या पोराला घाटा वाढीत होती आणि तिचा मुलगा नागपूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर तारेच्या कुंपणात डाळभात खात होता. आपण याच्या पोराला वाढले तर तिकडे कुणीतरी आपल्या पोराला वाढील, असा तो सरळ हिशेब. राजकारण त्यात फारसे नव्हते. ज्या दोन सरकारांनी ही पोरे एकमेकांविरुद्ध उभी केली त्यांचे नाव या हिशेबात कुठेच येत नाही.

या आसऱ्याची आणि भूमिगतांना दिलेल्या साथीची किंमत काय होती तेही सांगितले पाहिजे. बोलोन्याजवळच्या मार्झाबोत्तो परिसरात १९४४ च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी जर्मन एस. एस. सैन्याने सुमारे ७७० गावकरी मारले. त्यांत बायका आणि पोरेच अधिक होती.

आता विजेत्यांकडे वळू. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये आठवी हिंदी डिव्हिजन तारांतो बंदरात उतरली. तिच्यात मराठ्यांची पहिली, म्हणजे 'जंगी पलटण' होती. पुढे दहावी डिव्हिजन आली, तिच्यात तिसरी पलटण. चौथी, आठवी व दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजनी मिळून सुमारे ५०००० हिंदी सैनिक इटलीत लढले आणि ५७८२ तेथेच राहिले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी जवानांचे आहेत, त्यांपैकी दोन मराठे. पहिला नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातील पळसगावचा. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या सेक्शनवर मशीनगनचा मारा झाला आणि तो सोडून सेक्शनमधील सारे पडले. हा एकटा धावत गेला, हातबाँब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले आणि गोळ्या भरायला उसंत नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. लगेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्या लागून तो पडला. वय २२. दुसरा शिपाई नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातील निमजचा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर त्याने दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे आणले, आणि मग परत जाऊन तीन मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली. तो जिवंत घरी परतला आणि १९८४ साली वारला.

घाडगेचे नाव माणगावात पुतळ्याच्या रूपाने आहे. तिकडे टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्याच्या नावाचे सूर्यघटिकायंत्र उभारले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर कोरले आहे. लढाईला तेव्हा ७९ वर्षे झाली होती. पळसगावच्या नाइकाची आठवण त्या डोंगरी गावाने एवढी वर्षे ठेवली, हे वाचून मला तरी बरे वाटले.

तथापि 'मुक्ती' हा शब्द आपण जेवढ्या सहज उच्चारतो तेवढी ती सहज येत नाही. आघाडी एखाद्या गावावरून जाते ती नांगराच्या फाळासारखी. माघार घेणारे जर्मन बैल, धान्य, गाड्या आणि धडधाकट पुरुष घेऊन जात, पूल उडवीत, विहिरी नासवीत. येणारे दोस्त आधी तोफा डागीत आणि मग येत. कॅसिनोच्या डोंगरावरचा प्राचीन मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी उद्ध्वस्त केला. बाँबफेकीची ती मागणी चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या इंग्रज सेनापतीने केली होती. आपल्या जवानांना तो डोंगर चढायचा होता, तेव्हा त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. परंतु मठात त्या वेळी जर्मन नव्हते, आसऱ्याला आलेले गावकरी होते, आणि मेले ते तेच. मरणाऱ्याच्या लेखी बाँब मित्राचा काय नि शत्रूचा काय.

त्याच उन्हाळ्यातली एक निराळी गोष्ट आहे, ती कलाशाखेच्या वाचकांना आवडेल. फ्लॉरेन्स हे चित्रांचे शहर. युद्धात जळू नयेत म्हणून तेथील उफ्फीझी संग्रहालयातील उत्तमोत्तम चित्रे आजूबाजूच्या वाड्यांत हलविली होती. त्यांपैकी मोंतेगुफोनी या गढीत बोत्तिचेल्लीचे 'वसंत', जोत्तो व चिमाब्वे यांच्या मातृमूर्ती, उच्चेल्लोचे रणचित्र अशी चित्रे भिंतीला टेकवून ठेवलेली. गढीत आसपासच्या गावांतील निर्वासितही मोठ्या संख्येने शिरले होते. चित्रांवर लक्ष ठेवायला संग्रहालयाचा ग्रंथपाल चेझारे फासोला फ्लॉरेन्सहून पायी चालत आला होता. एकाकी माणूस, आळीपाळीने येणाऱ्या फौजांना हात जोडणारा. १९४४ च्या जुलैअखेरीस आठव्या हिंदी डिव्हिजनचे जवान तेथे पोहोचले. चित्रे काय आहेत हे कळल्यावर त्यांच्यावर पहारा बसला आणि ती वाचली. दहाशे मैलांवरच्या नव्हे, त्याहूनही कितीतरी दूरच्या खेड्यांतून आलेल्या, बहुधा निरक्षर, जवानांच्या पहाऱ्यात युरोपचा हा ठेवा काही दिवस होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डिव्हिजन फ्लॉरेन्सला गेली. जर्मनांनी जाताना आर्नो नदीवरचे एक सोडून सारे पूल उडविले होते. त्याच आर्नोच्या काठी शहराच्या टोकाला कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची छत्री आहे. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी विसाव्या वर्षी ते फ्लॉरेन्सला वारले आणि नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. इटलीत पडलेल्या हिंदू व शीख जवानांनाही असाच अग्नी द्यावा लागला. फोर्ली येथील स्मारकावर अशा साडेसातशेहून अधिक जणांची नावे आहेत.

येथे लेख संपविला असता तर तो गोड झाला असता. पण दाराच्या आतली बाजू राहून गेली असती.

मे १९४४ मध्ये कॅसिनोची फळी फुटली तेव्हा रोमच्या दक्षिणेकडील चोचारिया प्रांतात फ्रेंच सेनेच्या मोरोक्कन तुकड्या शिरल्या. त्या डोंगरी लढाईत त्यांनी मोठा पराक्रम केला, आणि त्यानंतर एस्पेरिया व आसपासच्या गावांत त्यांनी बायकांवर सामुदायिक अत्याचार केले. अडविणाऱ्या पुरुषांना मारले. इटालियन भाषेत या घटनांना त्या सैनिकांच्या देशावरून एक स्वतंत्र शब्दच पडला. आल्बेर्तो मोराव्हियाची कादंबरी व तिच्यावरचा, सोफिया लॉरेनची भूमिका असलेला १९६० चा चित्रपट यांमुळे ही गोष्ट जगाला कळली. हे सैनिक मुक्तिदात्यांच्या बाजूचे होते. तेही आपल्यासारख्याच एका परतंत्र देशातून आणलेले गरीब डोंगरी लोक होते. पण म्हणून दोष मोरोक्कोच्या रक्ताचा, असे जे काही लोक म्हणतात ते मला पटत नाही. त्यांचे वरचे अधिकारी फ्रेंच होते. काहींना पुढे शिक्षा झाल्या, पण गावे हाती सापडत गेली त्या दिवसांत बहुतेक अधिकाऱ्यांनी पाठ फिरविली.

आणि इतक्या दूर जाण्याची तरी काय गरज? आपल्यापासून फार लांब नाही ते चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. 'चले जाव' चळवळीच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, पोरे पडली. चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. दोन-तीन दिवसांनी फौज आली, बहुतेक गोरी, थोडी हिंदी. गावातले पुरुष पकडून नेले, आणि मग ज्या घरांत पुरुष उरले नाहीत त्या घरांची दारे फुटली. लूट झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले, असे तेथील बायकांनी भेटायला आलेल्या पुढाऱ्यांना तोंडाने सांगितले. सरकारने ते नाकारले आणि वर्तमानपत्रांना छापण्याची बंदी केली. स्वतंत्र चौकशी करा, एवढ्या एका मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. तुकडोजी महाराजांनाही याच चळवळीच्या दिवसांत अटक झाली होती.

सरकार तेच होते. चिमूरला फौज पाठविणारे सरकार आणि वर्षभरात इटलीला मुक्त करण्यासाठी जंगी पलटण पाठविणारे सरकार एकच, राजमुकुट तोच. १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्याच हिवाळ्यात सांग्रो नदीच्या काठी हिंदी जवान दुसऱ्याच्या गावांसाठी चिखलात लढत होते. मग या जवानांना मुक्तिदाते म्हणावे की नाही? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, ते पगारी नोकर होते, स्वतःच गुलाम, त्यांनी कसली मुक्ती द्यायची. दुसरा तट घाडगे आणि जाधव यांची नावे घेऊन छाती पुढे काढू लागला. मला वाटते, हा प्रश्न पलटणीला विचारून सुटत नाही, तो दाराच्या आतल्या बाईला विचारला पाहिजे. मोंतोनेच्या बाईच्या दारातला शिपाई पाणी पिऊन पुढे गेला असेल तर तिच्यापुरता तो मुक्तिदाता, मग त्याचा स्वतःचा देश स्वतंत्र असो वा नसो. एस्पेरियाच्या बाईला तोच शब्द ऐकविणे हा निर्दयपणा आहे. आणि चिमूरच्या बाईच्या दारात जो उभा राहिला त्याच्या अंगावरचा गणवेश मोंतोनेकडच्या शिपायाच्या गणवेशाशी जुळत होता. गणवेश, झेंडा किंवा जात यांवरून शिपाई कसा वागेल हे सांगता येत नाही. त्याच्या मागे उभा असलेला अधिकारी काय चालू देतो आणि झाल्या गोष्टीचा जाब त्याला कोणी विचारणार आहे की नाही, यावर पुष्कळसे ठरते.

जाब विचारण्याचा मार्ग म्हणजे नोंद. १९४४ साली दोस्तांनी रोममध्ये एक कचेरी उघडली. ज्या इटालियन कुटुंबांनी पळालेल्या कैद्यांना आसरा दिला त्यांचे जबाब तेथील माणसे खेडोपाडी जाऊन घेत, कैद्यांनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या तपाशीत, खर्चाची भरपाई देत आणि फील्ड मार्शल अलेक्झांडरच्या सहीचे छापील प्रशस्तिपत्रक देत. कित्येक शेतकऱ्यांनी पैसे घेतले नाहीत, कागद मात्र घेतला आणि घरात जपून ठेवला. घाट्याचा वाटा, अंथरूण, जोडे, सारे त्या जबाबांत नोंदले गेले. त्या कागदांवरूनच आज हा इतिहास लिहिता येतो.

भन्साळींचे उपोषण जानेवारी १९४३ मध्ये सुटले. वर्तमानपत्रांवरची बंदी उठली. चिमूरच्या बायकांचे म्हणणे लिहून घेणारी स्वतंत्र चौकशी मात्र कधीच बसली नाही.